कोबीचा रॉक

संपादक महोदय,

पाश्चात्त्य संगीतावर आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुधा लंडन नाहीतर अमेरिकेबद्दल. १९७० च्या आसपास पश्चिम जर्मनीत जे घडलं, त्याची दखल क्वचितच. तिथल्या प्रयोगशील रॉक संगीताला मिळालेलं 'क्राउटरॉक' हे नावही खवचटच: 'क्राउट' म्हणजे कोबी, जर्मनांना हिणवायचा इंग्रजांचा शब्द.

मला हे संगीत वयाच्या साठीत सापडलं. भाच्याने कोलोनच्या 'कॅन' या संचाचं एक लांबलचक गाणं ऐकवलं आणि वाटलं, तबकडी अडकली! ड्रमर याकी लीबेत्साइट ठेका सोडतच नाही. आपल्याकडे लेहरा (पेटी-सारंगीवर फिरत राहणारी धून) स्थिर राहतो आणि तबला खेळतो. इथे बरोबर उलटं. 'कॅन'मधले चुकाय आणि श्मिट हे प्रयोगशील जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेनचे विद्यार्थी, तर गायक दामो सुझुकी म्यूनिकच्या रस्त्यावर गाताना सापडलेला. त्याच रात्री त्याला मंचावर उभं केलं!

ड्युसेलडॉर्फच्या 'नॉय!' या संचाची गंमत तर औरच. १९७३ च्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी पैसे संपले, म्हणून आधीचीच दोन गाणी कमी-जास्त वेगाने वाजवून त्यांनी दुसरी बाजू भरली. काटकसर की प्रयोग, ठरवणं अवघड.

मित्र याला गोंगाट म्हणतात. 'फाउस्ट' या आणखी एका जर्मन संचाच्या काही तुकड्यांपुरतं मला ते मान्यही आहे.

म्यूनिकचा 'एम्ब्रियो' हा संच १९७०च्या दशकाअखेरीस बसने थेट भारतापर्यंत आला होता. त्या प्रवासावर कुणा जाणकाराने आपल्या पुरवणीत लिहावं, ही विनंती.

— एक वाचक, पुणे