आधी तळे, मग मासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेड टेल कॅटफिश, ॲलिगेटर गार, अरापाइमा यांसारख्या मोठ्या शिकारी माशांची पिल्ले पाळण्यासाठी विकली जातात, तेव्हा ती बोटभर असतात. पुढे ती केवढी होणार याची घेणाऱ्याला पुष्कळदा कल्पनाच नसते, आणि असली तरी ‘मोठा झाला की मोठी टाकी घेऊ’ अशी स्वतःची समजूत घालून खरेदी उरकली जाते. अनेक वर्षे असे मासे पाळल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की या माशांचे सर्वाधिक हाल या एका समजुतीमुळे होतात. पूर्ण वाढलेल्या माशाला पुरेल असे तळे ज्याच्याकडे आज तयार आहे, त्यानेच हे पिल्लू आणावे.

मी स्वतः हा क्रम चुकवला आहे. रेड टेल कॅटफिशचे ७ सेंटीमीटरचे पिल्लू घेतले, तेव्हा ‘मासा टाकीच्या मानानेच वाढतो’ असे विकणाऱ्याने सांगितले आणि मी ते खरे मानले. वर्षअखेर मासा ४५ सेंटीमीटरच्या पुढे गेला. माझी टाकी १८० सेंटीमीटर लांब असली, तरी रुंदीला अवघी ६० सेंटीमीटर होती. त्यामुळे पुढच्या काही महिन्यांत वळताना त्याची शेपटी एका काचेला आणि तोंड समोरच्या काचेला घासू लागले. वरच्या ओठाची कातडी सोलवटून पांढरी पडली, एक लांब मिशी टोकाकडून झिजत निम्मी झाली. एका सकाळी पाहतो तो हीटर जागेवर नव्हता. माशाच्या तोंडातून त्याची वायर तेवढी बाहेर लोंबत होती. वीज बंद करून, माशाला ओल्या टॉवेलात धरून, दोघांनी मिळून तो हलकेच ओढून काढला. हीटरची काच फुटली असती तर मासा वाचला नसता. हा मासा तोंडात मावेल ते गिळतो, त्यामुळे हीटर टाकीबाहेर फिल्टरच्या कप्प्यात असावा आणि तळाशी गिळता येतील असे दगड नसावेत, एवढे शहाणपण मला त्या दिवशी आले.

‘टाकीच्या मानाने वाढतो’ या समजुतीत तथ्य नाही. अपुऱ्या जागेत साचलेल्या घाणीमुळे वाढ खुंटते, कणा वाकतो आणि मासा अकाली मरतो. तो लहान राहिला असे आपण समजतो, प्रत्यक्षात तो आजारी असतो.

वाढीचा हिशेब सुरुवातीलाच मांडायला हवा. लांबीबरोबर रुंदी आणि जाडीही वाढत असल्याने १० सेंटीमीटरचा मासा १ मीटरचा झाला, की त्याचे वजन दहापट नव्हे, तर सुमारे हजारपट झालेले असते, आणि त्याच्या शरीरातून पाण्यात जाणारा विषारी अमोनिया हजारपट नसला तरी शेकडोपट वाढलेला असतो. फिल्टरमधील जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात; पण ती वसाहत तयार व्हायला आठवडे लागतात आणि नायट्रेट काढायला पाणी बदलण्यावाचून सहसा उपाय नसतो. रेड टेल कॅटफिश १.३ मीटरपर्यंत वाढू शकतो. तळ्याची रुंदी माशाच्या लांबीच्या दीडपट आणि लांबी जवळजवळ चौपट असावी, असा माझा अनुभव आहे. त्या हिशेबाने ५ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर खोल तळे हा अगदी कमीत कमी आकार झाला. त्यात १०,००० लिटर, म्हणजे १० टन पाणी मावते. एवढा भार वरच्या मजल्याच्या स्लॅबवर टाकण्याचा विचारही करू नये. वीज गेल्यावर चालणारा हवेचा पंपही हवाच, कारण प्राणवायू थांबला की माशाबरोबर फिल्टरमधील जिवाणूही मरू लागतात. गार आणि अरापाइमा पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही ते तग धरतात आणि पाणी बिघडल्याचे आपल्याला उशिरा कळते. त्यांच्या तळ्यावर उडी रोखणारे भक्कम झाकण हवे, पण पाणी आणि झाकण यांत मोकळी हवा राहिलीच पाहिजे.

खाण्याच्या बाबतीत हौस फार आडवी येते. जिवंत गोल्डफिश सोडून शिकार पाहणे अनेकांना आवडते. परंतु त्या माशांबरोबर परजीवी येतात आणि त्यांच्या शरीरातील थायमिनेज नावाच्या विकरामुळे शिकारी माशाला ब १ जीवनसत्त्व कमी पडते. कोंबडीचे किंवा इतर प्राण्यांचे चरबीयुक्त मांस त्याच्या यकृताला सोसत नाही. लहानपणापासून दाणेदार खाद्याची सवय लावावी. पूर्ण वाढलेल्या रेड टेल कॅटफिशला आठवड्यातून एकदोनदा खाणे पुरते.

अरापाइमा मात्र घरी पाळूच नये, असे मी म्हणेन. दोन मीटरहून लांब होणारा, पहिल्याच वर्षात १० किलोच्या आसपास वजन गाठू शकणारा आणि सतत उबदार पाणी लागणारा हा मासा मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयालाच झेपतो. ॲलिगेटर गार ५० वर्षांहून अधिक जगू शकतो. तो घेणाऱ्याने आपल्यामागे त्याला कोण सांभाळणार, हेही ठरवायला हवे.

झेपेनासा झालेला मासा पुढे कधीकधी एखाद्या तलावात सोडला जातो. सार्वजनिक मत्स्यालयांकडे अशा माशांसाठी जागा क्वचितच असते, हे मी स्वतः विचारणा करून पाहिले आहे. २०२२ मध्ये चीनमधील रूझोउ शहरात उद्यानाच्या तलावात ॲलिगेटर गार दिसल्यावर तो पकडण्यासाठी अख्खा तलाव उपसावा लागला. महिनाभराच्या खटपटीनंतर दोन मासे हाती लागले. जपानने २०१८ पासून गार माशांना घातक परकीय प्रजाती ठरवून ते विनापरवाना पाळण्यास बंदी घातली आहे.

मी सरसकट बंदी मागत नाही. माझ्या माशासाठी मी उशिरा का होईना तळे बांधले. त्याच्या ओठाची जखम भरली, मिशी मात्र आखूडच राहिली. माझी मागणी एवढीच आहे की अशा पिल्लांच्या टाकीवर पूर्ण वाढीची लांबी, वजन आणि आयुर्मान लिहिणे विक्रेत्यांवर बंधनकारक करावे आणि ग्राहकाला न झेपलेला मासा परत घेण्याची जबाबदारीही त्यांच्यावर असावी. त्या ७ सेंटीमीटरच्या पिल्लाच्या टाकीवर ‘१.३ मीटर’ एवढे जरी लिहिलेले असते, तरी मी त्या दिवशी रिकाम्या हाताने परत आलो असतो.

आपला,
एक हौशी मत्स्यपालक