अनुदानाच्या यादीत गट क्रमांक आणि क्षेत्रही दाखवा

महोदय,

अतिवृष्टीची मदत जाहीर झाली की चर्चा होते ती हेक्टरी दराची. यादी कशी तयार होते, इकडे फारसे कोणी बघत नाही. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक संयुक्त पंचनामा करतात, ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असलेली नावे तहसीलमधून पोर्टलवर चढतात आणि विशिष्ट क्रमांकासह यादी गावात येते. कुठे तिच्यात गट, क्षेत्र, रक्कम असते. कुठे नुसते नाव आणि क्रमांक. ई-केवायसीला तेवढे पुरते, गावाला पडताळणीसाठी पुरत नाही.

पडताळणी अवघड नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा कोरडवाहू दर हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे आरला (हेक्टरचा शंभरावा भाग) ८५. बागायतीला १७,००० म्हणजे १७०. बहुवार्षिक पिकांना २२,५०० म्हणजे २२५. रकमेला दराने भागले की बाधित क्षेत्र निघते. सातबारावर ६० आर असलेल्याच्या नावापुढे १७,००० दिसले, तर कोरडवाहूच्या हिशेबाने ते दोन हेक्टर झाले. बागायती धरले तरी एक हेक्टर. हे बांधाशेजारचा माणूस लगेच ओळखेल, तालुक्यातला डेटा ऑपरेटर कसे ओळखणार? २०२५ मध्ये मदतीची मर्यादा दोनऐवजी तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर झाले. म्हणून दोन्ही रकमा वेगळ्या रकान्यांत हव्यात, नाहीतर भागाकार जुळायचा नाही.

जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी तालुक्यांतली बोगस नावे उघडकीस आली, पण पैसे खात्यांत गेल्यावर. वसुली ही वाटपापेक्षा कितीतरी रखडणारी गोष्ट.

आणखी एक रकाना हवा: पैसे कुठे अडले. जमीन सामाईक असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र नसते, आधारवरचे नाव सातबाराशी जुळत नाही, किंवा रक्कम शेवटी आधार जोडलेल्या भलत्याच बँकेत जाऊन पडते आणि शेतकरी जुन्या पासबुकावर नोंदी शोधत बसतो. निम्म्या चकरा या एका रकान्याने वाचतील.

यादी न दाखवण्यासाठी ‘वैयक्तिक माहिती’ हे कारण आता जास्त ऐकू येईल, कारण माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहिती नाकारू देणारे कलम ८(१)(ञ) बदलले आहे. पण अनुदान योजनांचे लाभार्थी स्वतःहून जाहीर करण्याचे बंधन कलम ४(१)(ख) मध्ये आहे, आणि लोकहित मोठे असेल तर माहिती देऊ देणारे कलम ८(२)ही कायम आहे. रोजगार हमीच्या मजुराची हजेरी आणि मजुरी नावानिशी संकेतस्थळावर चालते, मग हेक्टरांच्या अनुदानाला पडदा कशाला? आधार आणि खाते क्रमांक झाका, बाकी सगळे दाखवा.

वाटपाआधी किमान सात दिवस ही यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावावी. हरकत लेखी घेऊन पोच द्यावी, आणि तिचा निकाल लागेपर्यंत तेवढेच नाव थांबवावे, अख्ख्या गावाची यादी नव्हे.

– एक वाचक, परतूर (जि. जालना)