विषय: उपलब्ध मेमरीचा चुकीचा आकडा देणारे फंक्शन आणि काल चौथ्यांदा बंद केलेले तिकीट

प्रति,
उत्पादन व्यवस्थापक,
सर्व्हर मॉनिटरिंग लायब्ररी विभाग

जळगाव, दि. २३ जानेवारी

काल दुपारी तुमच्या सपोर्टने माझं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, चौथ्यांदा बंद केलं, तेही मी फोनवर बोलत असताना. म्हणून आता लेखी देतोय.

तुमचंच उत्पादन तुम्हाला समजावून सांगायची वेळ माझ्यावर यायला नको होती. तुमचं 'अव्हेलेबल मेमरी'चं फंक्शन सर्व्हरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमइन्फो फाइलमधली 'मेमफ्री'ची ओळ उचलत होतं. मेमफ्री म्हणजे अजून कोणीच न वापरलेली मेमरी. लिनक्स ती तशी पडू देत नाही. वाचलेल्या फाइली कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की त्यातलं बरंचसं सोडून देतो. म्हणून खरोखर मिळण्याजोगी मेमरी किती, याचा अंदाज कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच काढून 'मेमअव्हेलेबल' या वेगळ्या ओळीत देतो. २०१४ सालच्या ३.१४ आवृत्तीपासून ही ओळ तिथे आहे. ती वाचायची सोडून तुम्ही शेजारची वाचली.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे धरणगाव तालुक्यातली एक जिनिंग, कापसातली सरकी काढणारी गिरणी. तिथल्या वजनकाट्याचा हिशेब आमच्या सॉफ्टवेअरवर चालतो आणि सर्व्हरवर नजर तुमच्या लायब्ररीची, म्हणजे तुमच्या तयार कोडच्या संचाची. रात्री दोनला बॅकअप सुरू होतो, सगळ्या फाइली वाचल्या जातात, कॅश भरते, मेमफ्री तळाला जाते. सकाळी सातला ऑपरेटर येतो तेव्हा स्क्रीन लाल. तुमच्याच मार्गदर्शिकेत मेमरी ९५ टक्क्यांच्या वर भरली की सर्व्हर रिस्टार्ट करायला सांगितलंय, म्हणून तो करतो. रिस्टार्टनंतर कॅश रिकामी असते, आकडा खाली येतो आणि सगळ्यांना वाटतं, दुखणं गेलं. आम्ही तीन आठवडे असे फसलो.

१२ डिसेंबरला काट्यावर कापसाची भरलेली ट्रॉली उभी असतानाच रिस्टार्ट झाला. भरलेल्या गाडीचं वजन स्क्रीनवर आलं होतं, सेव्ह झालं नव्हतं. मागे ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत. हमालांनी ट्रॉली पुढे घेतली आणि गंजीवर रिकामी केली. मग लक्षात आलं की नोंदच नाही. रिकाम्या ट्रॉलीचं वजन घेऊन काय करणार? ते म्हातारे शेतकरी चोपड्याकडून पहाटे चारला निघालेले, कानाला मफलर बांधलेला. मला एवढंच म्हणाले, "भाऊ, मना कापूसनं वजन कोठे गयं?" त्यांच्या आणि जिनिंगच्या अंदाजात तीन क्विंटलचा फरक होता. त्याचे एकवीस हजार मी खिशातून भरले. पैशांचं दुःख आहेच, पण त्या माणसाला मी उत्तर देऊ शकलो नाही, हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रिस्टार्ट करायच्या आधी, मी मेमइन्फो फाइल उघडून पाहिली. मेमटोटल सुमारे १ कोटी ६२ लाख केबी, मेमफ्री ४ लाखांच्या आत, मेमअव्हेलेबल १ कोटी १० लाखांच्या वर. तुमचं फंक्शन म्हणत होतं, ९७ टक्के भरली.

सपोर्टचं उत्तर आलं, रॅम वाढवा. वाढवली, १६ ची ३२ जीबी केली. आठवड्याभरात कॅशने तीही भरली आणि स्क्रीन पुन्हा लाल. मी हे आधीच लिहून कळवलं होतं.

मग ५ जानेवारीला तुमचं अपडेट आलं आणि चूक उलट्या बाजूला गेली. आता तुम्ही मेमफ्रीमध्ये 'कॅश्ड'ची ओळ अख्खी मिळवता. पण शेअर्ड मेमरी, म्हणजे अनेक प्रोसेस मिळून वापरतात ती, हीसुद्धा कॅश्डमध्येच मोजली जाते, आणि ती मागितली म्हणून सुटत नाही. आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसला अशा शेअर्ड मेमरीतले ८ जीबी बफर दिलेत, ते तुम्ही मोकळ्या मेमरीत धरले. १७ जानेवारीला तुमच्या फंक्शनने २७ टक्के मोकळी सांगितली आणि त्याच मिनिटाला कर्नलने मेमरी संपली म्हणून डेटाबेसची प्रोसेस मारली. तेव्हा तयार ओळ वाचली नाही, आताही वाचत नाही.

आता कालचा फोन. पंचवीस मिनिटं थांबल्यावर तुमचा माणूस लाइनवर आला. मी तुमच्या फंक्शनचा आणि कर्नलचा असे दोन्ही आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, "सर, तुम्ही जळगाव साइडचे ना? तिकडे पंचेचाळीस डिग्री असतं. हीटमुळे सर्व्हर चुकीचं रीडिंग देऊ शकतो." मी म्हटलं, जानेवारी आहे, मी स्वेटर घालून बसलोय. तो म्हणाला, "तरी सर, एसी चेक करा." मेमरीची बेरीज चुकते याला एसी काय करणार? मी तुमच्याच डॉक्युमेंटेशनमधली ओळ वाचली, 'नवीन प्रोग्रामला मिळू शकणारी मेमरी'. थोडं थांबून तो म्हणाला, "तुमच्या टीममध्ये कोणी सीनियर असेल तर फोन द्या." चौदा वर्षं हेच काम करतोय. फोन कोणाला देऊ? मी बोलतच होतो आणि मेल आला: तिकीट बंद, समस्या सुटली, आम्हाला पाचपैकी किती गुण द्याल?

आमचा उन्हाळा आम्हाला माहीत आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगाव तापतं, म्हणून जानेवारीत आमच्या तोंडावर ऊन फेकायचं? पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला तुम्ही हवामान सांगितलं असतं का?

प्रोसेसर किती कामात आहे ते सांगणाऱ्या तुमच्या फंक्शनचंही तेच रडगाणं. त्याचे काउंटर मशीन चालू झाल्यापासूनचे असतात, दोनदा वाचून फरक काढावा लागतो. तुमचा पहिला आकडा सुरुवातीपासूनची सरासरी देतो आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. त्यावर वेगळं तिकीट टाकायची ताकद आता माझ्यात नाही.

पायथॉन भाषेतली पीएसयूटिल ही अशीच लायब्ररी फुकट आहे आणि ती फ्री व अव्हेलेबल वेगळे दाखवते. तरी मी तुम्हाला पैसे दिले, कारण अडलं तर बोलायला माणूस असेल, असं वाटलं होतं. धुळ्या-नंदुरबारच्या दोन मित्रांनाही तुमचंच नाव सुचवलं. त्यांना मी आजच फोन करून सांगणार आहे.

शुक्रवारपर्यंत मला लेखी हवंय की हे फंक्शन मेमअव्हेलेबल कधीपासून वाचेल. माझं तिकीट पुन्हा उघडा आणि ते कोड वाचता येणाऱ्या माणसाकडे द्या. उत्तर आलं नाही तर एप्रिलचं नूतनीकरण होणार नाही आणि एकवीस हजारांसाठी वकिलाची नोटीस येईल. ती ओळ वाचणारा कोड मी काल रात्रीच लिहून ठेवलाय. सोमवारी जिनिंगच्या सर्व्हरवर तोच चालेल.

तुमचा तीन वर्षांचा ग्राहक,
जळगाव