कुंभार्ली घाटातल्या त्या टेम्पोवाल्या दादांना मनापासून थँक्यू

परवा चिपळूणहून कराडला निघालो होतो, सोबत आई, आणि कुंभार्ली घाट अर्धा चढलो तोच आमच्या २० वर्षं जुन्या डिझेल गाडीचा टेंपरेचरचा काटा थेट लालवर. गाडी बाजूला घेतली आणि घाईत रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो तर मागून एक टेम्पोवाले दादा ओरडले, "थांबा, हात भाजेल!" खरंच वाचवलं त्यांनी मला.

इंजिन बंद असताना त्यांनी फॅन बोटाने फिरवून दाखवला, एवढ्या गरम इंजिनवर तो जड लागायला हवा होता पण गरागरा फिरत राहिला. फॅन क्लच, म्हणजे इंजिन तापलं की फॅनला पकडून जोरात फिरवणारा भाग, त्यातलं सिलिकॉन ऑइल गळून गेलंय म्हणाले, क्लचच्या पुढच्या बाजूला तेलकट धुळीचा थर पण होता. इंजिन थंड व्हायला पाऊण तास गेला, तेवढा वेळ आईला त्यांनी टेम्पोच्या केबिनमध्ये सावलीत बसवलं, स्वतःच्या कॅनमधलं प्यायचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, आणि हीटर फुल ठेवून हळू उतरा सांगत पोफळीच्या गॅरेजपर्यंत मागे मागे आले, स्वतःचा माल पोचवायचा असताना.

गॅरेजवाल्या काकांनी पण जेवण अर्धवट सोडून क्लच काढला, ऑइल भरून दिलं. दादांनी चहासुद्धा घेतला नाही हो, नाव विचारायचं राहूनच गेलं. आई रोज आठवण काढते तुमची.