खुराडं मोडू नकोस

कोलंबस, ओहायो
9 नोव्हेंबर 2025

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

भाऊबिजेला फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "चारी कोंबड्या एका रात्रीत गेल्या बघ. मुंगसानं मारल्या. आता न्हाई पाळायच्या. खुराडं मोडून तिथं लाकडं रचायची." मी काही बोलायच्या आत फोन वहिनींच्या हातात गेला. त्या दिवसापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. दादाला मोठ्यानं वाचून दाखवायला सांग, कारण यातलं अर्धं त्याच्याच कामाचं आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आंबेवाडीत शिरलं तेव्हा तू सहा कोंबड्या डालग्यात घालून सोनतळीला नेल्या होत्यास. आबा आधी कागदपत्रं घे म्हणून ओरडत होते, आणि तू एका हातात कागदांची पिशवी, दुसऱ्या हातात डालगं घेऊन निघालीस. महापुरातनं वाचवलेल्या कोंबड्यांची पिल्लावळ ही. ती एका रात्रीत गेली तर तुझं काय झालं असेल, ते मला कळतं. दोन महिन्यांपूर्वी माझ्याही तीन गेल्या. तुला सांगितलं नव्हतं.

सुरुवातीपासून सांगते. यंदा मार्चमध्ये इथं अंडी डझनाला सरासरी सहा डॉलरच्या वर गेली. 2022 पासून बर्ड फ्लूची साथ आहे, त्यात मोठमोठ्या पोल्ट्र्यांतल्या कोंबड्या माराव्या लागल्या. शेजारीण म्हणाली, आपण पाळू या. मला तर कारणच हवं होतं. दोघींनी मिळून पिल्लं मागवली, आणि आई, ती पोस्टानं आली! एक दिवसाची पिल्लं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून. सकाळी सहाला पोस्टातून फोन, "तुमचं खोकं चिवचिवतंय, घेऊन जा." अंड्यातून बाहेर पडायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर ते दोन-तीन दिवस अन्नपाण्याविना तगतं. म्हणून हे जमतं. 1918 पासून इथलं पोस्ट पिल्लं पोचवतं आहे. सहा मी ठेवली. तीन तांबड्या, तीन ठिपक्याच्या. तांबड्या म्हणजे आपल्याकडं आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) म्हणतात त्याच जातीच्या.

आमच्या वस्तीत कोंबडा ठेवायला परवानगी नाही, नुसत्या माद्या. त्याची किंमत मला पुढं कळली. आपला कोंबडा घार दिसली की एक आवाज काढायचा आणि जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं की वेगळाच. आजी चुलीपाशी बसून, न बघता सांगायची, "वरचं हाय," नाहीतर "खालचं हाय." माझ्या परसात राखणीला असा कुणी नाही.

आमच्या ह्यांनी आणि मी लाकडी खुराडं उभं केलं. पुढं षटकोनी भोकांची पातळ जाळी ठोकली, आपल्या खुराड्याला आहे तशीच. दाराला साधी आकड्याची कडी. सप्टेंबरात तलंगांनी पहिली अंडी घातली, धाकटीनं ती फडक्यात गुंडाळून शाळेत दाखवायला नेली. त्याच आठवड्यात एका सकाळी बघते तर दोघी जाळीला चिकटून पडलेल्या. एकीचं डोकं नव्हतं, दुसरीचा पंख उपटलेला. आत खाल्लेलं काही नाही. तिसरी चार दिवसांनी गेली. त्या रात्री कडी चक्क काढलेली होती. तुटली नव्हती, वाकली नव्हती. काढलेली होती.

रॅकून म्हणून जनावर आहे इथं. मांजराहून दांडगं, डोळ्यांवर काळा पट्टा, शेपटीला काळी वळी, आणि पुढचे पाय म्हणजे पाच बोटांचे हातच. जाळीतून हात घालतं, कोंबडी दांडीवरून हलली की धरून ओढतं. जेवढं भोकातून येईल तेवढं नेतं. आकडा, खिटी, सरकती कडी, सगळं उघडतं. आणि कोंबडी बिचारी रात्री आंधळी. दिवसा तिला माणसापेक्षा जास्त रंग दिसतात, पण अंधार पडला की ती मातीच्या गोळ्यासारखी बसून राहते. तू रात्री कोंबडी पकडायचीस तेव्हा ती हूं की चूं करायची नाही, आठवतं? त्या जनावरालाही ते माहीत असतं.

त्यानंतर मी कोंबड्या राखणाऱ्या इथल्या जुन्या बायकांना विचारत सुटले. एक गोष्ट सगळ्यांनी सांगितली. मेलेली कोंबडी नीट बघ, मारणारा कोण ते तीच सांगते. कोल्हा अख्खी कोंबडी उचलून नेतो, मागं नुसती पिसं राहतात. ससाणा तिथंच बसून पिसं उपटून खातो, पिसांचं वर्तुळ पडतं. जाळीजवळ डोकं तेवढं गेलं असेल तर रॅकून.

हे कळलं आणि तुझं बोलणं आठवून मी दचकले. आई, मुंगूस दिवसाचं जनावर आहे. रात्री ते बिळात झोपतं. तू म्हणालीस निजताना चौघी होत्या, उजाडताना मेलेल्या. मग ते मुंगूस नव्हे. रात्रीचं येणारं आणि वर चढणारं म्हणजे उदमांजर, जवादी मांजर, नाहीतर गावातला एखादा बोका. मला उदमांजराचा संशय आहे. ते कौलावरून चालतं, आणि आपल्या खुराड्याच्या पत्र्याखाली भिंतीलगत वीतभर फट आहे. पावसाळ्यात हवा खेळावी म्हणून आबांनीच ठेवली होती. तू पुढच्या जाळीकडं बघत बसलीस, आणि ते वरून उतरलं असणार.

दादा मुंगसासाठी सापळा लावतो म्हणाला, ते नको. एक तर ते तिथं साप आणि उंदीर खातं. दुसरं, मुंगूस काय, उदमांजर काय, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं दोघांनाही मारायला बंदी आहे. इथंही ससाण्याच्या बाबतीत तसंच. माझ्या ठिपकीवर भर दुपारी ससाणा आला, मी झाडू घेऊन धावले, पण त्याला इजा करणं गुन्हा आहे. तो कायदाही 1918 चाच, पिल्लांच्या पोस्टाच्याच सालचा. ठिपकी वाचली, पाठीवरची पिसं गेली. आता दिवसा फिरायच्या जागेवर वरूनही जाळी ताणली आहे. मारून काही होत नाही, एक गेलं की दुसरं येतं. आपलं घर पक्कं करायचं, एवढंच आपल्या हातात.

आता दादासाठी. षटकोनी जाळी काढून टाक. ती कोंबडी आत ठेवते, जनावर बाहेर ठेवत नाही. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत वेल्डमेश विचार, म्हणजे अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, तारा वेल्ड केलेली जाळी. पुढं तीच ठोक आणि पत्र्याखालच्या फटीलाही तीच लाव. फट बुजवू नकोस. कोंदलं की शिटाचा वास डोळ्याला झोंबतो आणि कोंबड्यांच्या छातीत भरतं, शिवाय एप्रिल-मेत त्या उकडून मरतील. नुसत्या खिळ्यांनी ठोकू नकोस, वरून लाकडाची पट्टी लावून स्क्रूनं आवळ. जोर लावला की खिळा निघतो, हे मी बघितलं आहे.

बुडाशी खणून पाया घालायची गरज नाही. दीड हात रुंदीची जाळी भिंतीला जोडून बाहेरच्या बाजूला जमिनीवर सगळीकडून अंथर आणि वर माती टाक. खणणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच खणतं, नखं जाळीला लागली की तिथंच झटत राहतं. दोन पावलं मागं सरून खणावं हे त्याला सुचत नाही. पाऊस झाला की गवत उगवून जाळी दिसायचीही नाही.

कडीला स्प्रिंगचा हूक घाल. आणि आई, रात्री कणीचं टोपलं आत ठेवू नकोस. कणीला उंदीर येतात, उंदरांमागं धामण येते, आणि अंड्यांची चटक लागली की ती परत येते. अंडी दुपारीच उचलत जा. उंदरांचं औषध मात्र खुराड्याजवळ अजिबात नको.

गेल्या रविवारी इथं घड्याळं तासभर मागं केली. तिकडं दिवेलागण वर्षभर सहा ते सव्वासातच्या आत असते. इथं जूनमध्ये नऊला अंधारतं, आणि आता सव्वापाच झाले की कोंबड्या दांडीवर. मी त्या वेळी ऑफिसात असते. म्हणून उजेडावर आपोआप मिटणारं दार बसवलं आहे. तरी घरी आले की बॅटरी घेऊन मागं जाते आणि मोजते. एक, दोन, तीन. तू मोजायचीस तसंच, बोट लावून. पहिल्यांदा मोजलं तेव्हा आपसूक तोंडातून "तीऽ तीऽ तीऽ" आलं, आणि धाकटी म्हणाली, हे कुठल्या भाषेतलं?

उरलेल्या तिघी बऱ्या आहेत. दिवस लहान झाल्यानं अंडी कमी झाली, चौदा तासांहून कमी उजेड मिळाला की त्या हात आखडतात. मी जादा दिवा लावला नाही. झोपू देत त्यांना.

जाळीचे पैसे मी दादाच्या खात्यावर पाठवले आहेत. ते दुसरीकडं खर्चायचे नाहीत. काम झालं की चार तलंगा आणि एक कोंबडा घ्या, शक्यतो एकाच घरच्या, म्हणजे भांडणं होत नाहीत. संध्याकाळी आणा आणि आठवडाभर बाहेर सोडू नका. घर ओळखीचं झालं की सातव्या-आठव्या दिवशी त्या स्वतःच परत येतील. कोंबडा कसाही चालेल, पण आवाजाचा बघून घ्या.

आबांना शि. सा. नमस्कार. वहिनींना सांग, लोणच्याची बरणी फुटली नाही, व्यवस्थित पोचली.

तुझी,
बायडी

ता. क. : त्या रात्रीचं मला नीट लिहून पाठव. कोंबड्या आत पडल्या होत्या की बाहेर, डोकी होती का, आणि पत्र्यावर चिखलाचे पाय उमटले होते का. आबा पहाटे पहिल्यांदा गेले होते, त्यांना विचार.