विक्रेत्याच्या अपीललाही मुदत हवी

संपादक महोदय,
छोट्या दुकानदारांनी ऑनलाइन विक्रीकडे वळावं हा तुमच्या पेपरातला लेख वाचला, पटलाही, पण एक बाजू राहून गेली. नाशिकच्या भांडी बाजारातून घेतलेले पितळी अडकित्ते मी ऑनलाइन विकतो, सुपारी कातरायचे, वीतभरही नाहीत, तर साइटने ते शस्त्रांत धरून लिस्टिंगच उडवलं! अपीलमध्ये खरेदीचं बिल, मापं, पातं मिटलेलं असतानाचे फोटो, सगळं जोडलं तरी उत्तर तेच छापील, नेमका नियम कुठला मोडला ते नाहीच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं बंधन आहे, मग विक्रेत्याच्या अपीलला तशी मुदत का नको? आणि ते निदान माणसाने वाचावं.
— एक विक्रेता, नाशिक