बेटा, वजीर ए२ ला काहून गेला?

बेटा,

काल फोनवर तू धड बोललीच नाहीस म्हणून लिहून राहिलो. तू पाठवलेला स्कोरशीटचा फोटो बघून रात्री जेवण झाल्यावर अख्खी गेम पटावर मांडली, आई म्हणत होती आता झोपा, पण मला राहवेना.

एक हत्ती जास्त होता तुझ्याकडे, गेम जिंकल्यातच जमा होती, आणि तुझा वजीर डी८ वरून ए५ ला अन् तिथून ए२ चं प्यादं खायला गेला. काय ठेवलं होतं गं त्या प्याद्यात? डी८ वर तो नुसता उभा आहे असं तुला वाटलं असेल, पण ई७ रिकामं होतं ना, त्यामुळे तो तिरप्या रेषेत एफ६ आणि जी५ दोन्ही घरं धरून होता. तो हलला आणि समोरच्याने उंट देऊन जी७ चं प्यादं उडवलं, तू राजाने उंट घेतला, मग वजीर जी५ शह, राजा एच८, वजीर एफ६ शह, राजा जी८, परत जी५, असेच शह देत त्याने गेम ड्रॉ केली. एफ८ वर तुझाच हत्ती, एफ७ आणि एच७ वर तुझीच प्यादी, राजाने पळायचं कुठे? तुझ्याकडे माल कितीही जास्त असू दे, प्रत्येक खेळी शह चुकवण्यातच जाते.

म्हणून प्यादं खायच्या आधी एवढंच बघत जा की हा मोहरा उठला तर राजाजवळचं कोणतं घर उघडं पडते. आणि राजासमोरची प्यादी उगाच ढकलू नको, ती मागे येत नाहीत. एफ६ वरचा घोडा तर शक्यतोवर सोडूच नको, त्याच्यासारखा पहारेकरी नाही.

पण त्या पोराचं मला खरंच कौतुक वाटलं, हरलेली गेम होती तरी त्याने रिझाइन केलं नाही, शह शोधत बसला. तूही शोधत जा. अर्धा पॉइंट लहान नसतो बेटा, आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकली तेव्हा कोनेरू हम्पीसोबतच्या फायनलमधल्या दोन्ही क्लासिकल (जास्त वेळाच्या) गेम ड्रॉच होत्या, निकाल कमी वेळाच्या रॅपिडमध्ये लागला.

आणि हो, हे पक्कं लक्षात ठेव. नुसते शह देत राहिलं म्हणून ड्रॉ मिळत नाही, नियमात परपेच्युअल म्हणजे सतत शह असं वेगळं कलमच नाही. तीच पोझिशन, खेळायची पाळीही त्याच खेळाडूची, तिसऱ्यांदा येत असेल तर आपण ड्रॉ क्लेम करायचा. खेळी आधी स्कोरशीटवर लिहायची, मोहऱ्याला हात लावायचा नाही, घड्याळ थांबवून आर्बिटरला म्हणजे पंचाला बोलवायचं. हात लावला की त्या खेळीपुरता क्लेम गेला. पाचव्यांदा आली तर मात्र आर्बिटर स्वतःच ड्रॉ देतो.

उद्याच्या राउंडला पोटभर खाऊन जा. आणि वजीर ए५ ला न्यायच्या आधी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला सविस्तर लिही, तिथे घोडा आधी डी७ ला आणून एफ६ धरता आलं असतं का ते मी अजून बघूनच राहिलो.

तुझा बाबा